झाकलेला वाटा

शनिवारच्या बाजाराला नवी जागा मिळाली आणि पहिल्याच दिवशी ताईचं टेबल तिरपं झालं.

त्यात टेबलाचा काही दोष नव्हता. जुना बाजार चढावर भरायचा. शाळेच्या मागच्या भिंतीला धरून एक रस्ता वर जात असे आणि त्याच्या कडेने, खालपासून वरपर्यंत, चाळीसेक शेतकरी आपापला माल मांडून उभे राहत. ताईच्या आईने तिथे पहिल्यांदा टेबल लावलं तेव्हा ते सपाट राहावं म्हणून वरच्या बाजूचे दोन पाय चार-चार बोटं कापून घेतले होते. आई गेली, टेबल राहिलं. आता सरळ जमिनीवर आल्यावर ते एका अंगाला कलंडलं आणि टोमॅटो शाळा सुटल्यासारखे एकामागून एक खाली उतरले. "जमीनच वाकडी आहे इथली," ताई म्हणाली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्यांना ती जन्मभर हसत आली होती. आता हसायची पाळी दुसऱ्यांची होती आणि त्यांनी ती वाया घालवली नाही.

नवी जागा म्हणजे बंद पडलेला बस डेपो. वर उंच पत्रा, खाली डिझेलचे न निघणारे काळे डाग, आणि दहा फलाटांवर ठळक आकडे. भिंतीवर बसगाड्यांच्या वेळांचा फळा अजून तसाच होता. पहिल्या महिन्यात एक म्हातारे गृहस्थ पिशवी सांभाळत ताईपाशी आले आणि म्हणाले, "सव्वादहाची गेली का?"

"गेली," ताई म्हणाली. "चार वर्षं झाली. गाजरं घेऊन जा."

त्यांनी घेतली. ताईच्या टेबलापुढून रिकाम्या हाताने जाणं तसं कठीणच. पण संध्याकाळी माल आवरताना तिचा चेहरा पडलेला असायचा. पत्र्याखाली आवाज घुमतो, त्यामुळे आपण ओरडलो तरी ते शेजाऱ्याच्या तोंडून निघाल्यासारखं वाटतं, अशी तिची तक्रार. सावली आहे पण झाडाची नाही, अशीही तक्रार. आणि सगळ्यात मोठी तक्रार शेजाराची. शेजार तोडणार नाही म्हणून पालिकेच्या माणसांनी तीनतीनदा सांगितलं होतं. प्रत्यक्षात वाटाण्याच्या अक्षता लावल्या आणि चिठ्ठ्या उचलायला सांगितल्या. ताईला सात नंबरचा फलाट आला, तर मधवाल्याला एक नंबरचा.

मधवाला तिच्याच वयाचा. चढावर तो अगदी खालच्या टोकाला, ताईच्या लगोलग खाली बसायचा. चढावरचा कायदा असा होता की घरंगळलं ते खालच्याचं. त्यामुळे ताईचे निम्मे कांदे-बटाटे त्याच्या पिशवीत जात. "माझ्या बटाट्यांवर याची दोन पोरं मोठी झाली," असं ती सांगायची, आणि "म्हणूनच गोलमटोल झाली," असं तो म्हणायचा. आता काही घरंगळत नव्हतं. गप्पा मारायच्या तर सहा फलाट चालत जावं लागे, आणि तेवढं चालून गेल्यावर गप्पा उरत नाहीत, नुसते निरोप होतात, हे दोघांच्याही लक्षात आलं होतं.

पण ताईचं खरं दुखणं यातलं एकही नव्हतं. ते समजायचं तर आधी वाटा समजायला हवा.

या बाजारात तराजूपेक्षा हाताचा मान मोठा. हाताच्या अंदाजाने भाजीचे सारखे ढीग लावायचे आणि ढिगाने विकायचं. त्या ढिगाला वाटा म्हणतात. एखादं गिऱ्हाईक उशिरा येणार असेल, कुणाच्या घरी आजारपण असेल, कुणाची कामाची पाळी दुपारी सुटत असेल, तर त्याच्यासाठी एक वाटा बाजूला ठेवून वर फडकं घालायचं. झाकलेल्या वाट्याला कुणी हात लावत नसे, तो कुणाचा हेही विचारत नसे. फडकं असलं की धनी आहे, एवढं सगळ्यांना पुरे. ज्याचा असेल तो येऊन फडकं उचले आणि घेऊन जाई.

ताईच्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात असा एक वाटा दर शनिवारी असे. त्या दिवशीच्या मालात जे सगळ्यात चांगलं असेल त्याचा. आणि बाजार उठेपर्यंत तो तिथेच असे. मग ताई फडकं झटकून घडी करी, भाजी पिशवीत टाके आणि घरी जाऊन तीच शिजवून खाई. असं नऊ वर्षं चाललं होतं. लोकांना वाटे, असेल एखादं विसरभोळं गिऱ्हाईक. एकट्या मधवाल्याने ते न सांगताच ओळखलं होतं.

तो वाटा ताईच्या धाकट्या बहिणीचा होता.

धाकटी ताईपेक्षा अकरा वर्षांनी लहान. ती अक्षरशः बाजारात वाढली. टेबलाखाली फळांच्या खोक्यात झोपली, उठून बसायला लागली तशी वाटाण्याच्या शेंगा फोडून दाणे खाऊ लागली. टिपून टिपून खायची म्हणून तिचं नाव चिमणी पडलं. दिवसभर तिचं एकच पालुपद, "ताई, हे बघ. ताई, ते दे. ताई, मला शू आली." ते ऐकून ऐकून अख्खा बाजार थोरलीला ताई म्हणू लागला. तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. म्हणजे ज्या नावाने तिला आज सगळं जग हाक मारतं, ते नाव एकीने दिलेलं. आणि नऊ वर्षं त्या एकीनेच ते उच्चारलेलं नव्हतं.

भांडण झालं ते इतक्या क्षुल्लक गोष्टीवरून की सांगायची लाज वाटावी. आईला जाऊन वर्ष झालं होतं. चिमणीला रोपं विकायची हौस. मिरची, वांगी, झेंडू, छोट्या छोट्या कुंड्यांतून. तिला अर्धं टेबल हवं होतं. ताईने कुरकुरत दिलं. त्या दिवशी गिऱ्हाइकांची झुंबड उडालेली, चिमणीने रोपांना पाणी घातलं आणि ते पाणी टेबलावरून सांडून, चढाचा नियम पाळून, मातीसकट ताईने खाली मांडलेल्या पालकावर आलं. शब्दाने शब्द वाढला. चिमणी म्हणाली, "अर्धं टेबल माझंही आहे." ताई सगळ्यांसमोर म्हणाली, "आईच्या टेबलावर तुझा वाटा नाही."

जीभ ही अशी. अंगभर हाडं आहेत, तिच्यात तेवढं नाही.

चिमणीने कुंड्या खोक्यात भरल्या, खोकं कमरेवर घेतलं आणि ती चढ चढून गेली. पुढे तिच्या नवऱ्याची बदली दुसऱ्या गावी झाली. तिचा फोन नंबर ताईला तोंडपाठ होता. ती तो दाबायची आणि शेवटच्या आकड्याशी थांबायची. काय बोलणार? चुकले हा एक शब्द. तराजूत टाकला तर काटाही हलणार नाही एवढासा, पण ताईला तो उचलता येत नव्हता. त्याऐवजी पुढच्या शनिवारी तिने टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात पहिला वाटा झाकून ठेवला. तुझा वाटा आहे, असं तोंडाने सांगता येईना म्हणून ती ते भाजीने सांगू लागली. ज्याला सांगायचं ते माणूस शंभर कोस लांब, हा भाग वेगळा.

तेव्हा बाजार हलणार म्हटल्यावर ताईला घोर लागला तो याचा. चिमणीला ठाऊक होता तो चढ. उद्या ती आलीच, आणि तिथे नुसती भिंत दिसली तर?

"नऊ वर्षांत आली नाही ती आता काय येतेय," मधवाला म्हणाला.

"म्हणूनच आता येईल," ताई म्हणाली. मधवाला आपल्या बाटल्या पुसायला लागला. चढावरच्या शेवटच्या दिवशी ताईने शाळेच्या भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बाजार जुन्या डेपोत गेला,' आणि खाली बाण काढला. पुढे दर शुक्रवारी जाऊन ती पुसट झालेली अक्षरं गिरवत असे. छप्पन्नाव्या वर्षी शाळेच्या भिंतीवर लिहिताना पकडली गेलेली ती पहिलीच असावी. पहारेकऱ्याने हटकलं तेव्हा तिने त्याला दोन काकड्या दिल्या.

आता सात नंबरच्या फलाटावरचा नवा शेजारी. हा गृहस्थ कुठल्याशा कचेरीतून निवृत्त होऊन घरामागच्या खोलीत मशरूम पिकवायला लागलेला. बाजारात त्याने पाय ठेवला तोच इस्त्रीच्या सदऱ्यात, खिशाला दोन पेनं लावून. पहिल्या दिवसापासून सगळे त्याला साहेब म्हणू लागले. माणूस सरळ, परोपकारी, आणि बोलण्याची भारी हौस. मशरूम घ्यायला कुणी येवो न येवो, माहिती सगळ्यांना मिळायची. ताईच्या टेबलाखाली विटा लावून ते सरळ करून दिलं तेही यानेच, कागदावर माप काढून. ताईला तो आवडत नव्हता, कारण तो मधवाला नव्हता. एरवी त्याच्यात काही खोट नव्हती.

चौथ्या महिन्यातल्या एका शनिवारी ताईकडे वाटाणा आला. कोवळा, भरलेला, शेंग हातात धरली तर आतले दाणे मोजता येतील असा. तिने पहिला वाटा डाव्या कोपऱ्यात ठेवला आणि फडकं घातलं. बारा वाजेपर्यंत बाकीचा सगळा वाटाणा संपला. गर्दी ओसरली, तशी तिला मधवाल्याकडे जाऊन तोंड मोकळं करून यावंसं वाटलं.

"साहेब, जरा लक्ष ठेवा हं," ती म्हणाली.

"निश्चिंत जा," साहेब म्हणाले.

चढावर 'लक्ष ठेव' या दोन शब्दांत सगळं येत असे. कोण उधार मागेल त्याला नाही म्हण, कुत्रं हाकल, आणि झाकलेल्याकडे बघूही नकोस. साहेबांना यातलं काय ठाऊक? त्यांच्या मते लक्ष ठेवणं म्हणजे ताईंचं नुकसान होऊ न देणं.

ताई अर्ध्या तासाने परत आली. साहेब खुशीत होते.

"तुमचे दोन कोबी विकले," ते म्हणाले. "आणि तो कोपऱ्यातला वाटाणाही विकला जायचा, पण बाई जरा विचित्र होती."

"कोण बाई?"

"आली, फडक्याकडे बघत उभी राहिली. बराच वेळ. मग मला विचारते, हा वाटा कुणाचा आहे? मी म्हटलं, कुणाचा नाही हो, उरलेला आहे, घेऊन जा. म्हटलं वाळून जाईल, त्यापेक्षा गेलेला बरा. तर म्हणते, नक्की कुणाचा नाही? मी म्हटलं, कुणाचाच नाही."

"मग?"

"मग काय, फडकं जरासं उचलून बघितलं, पुन्हा झाकलं आणि गेली. उरलेला म्हटलं म्हणून राग आला की काय कोण जाणे. ताजाच होता तसा."

ताईने कोपऱ्याकडे पाहिलं. ती स्वतः फडकं नुसतं वर टाकायची. आता त्याची चारही टोकं ढिगाखाली दुमडून, आत खोचून घेतलेली होती, गाठोडं न बांधता गाठोड्यासारखी. चढावर वारा फार म्हणून त्यांची आई तसं करायची. आईनंतर ते जमायचं एकाच हाताला. ताईला कधीच जमलं नाही.

ती धावली. छप्पन्न वर्षांची बाई, पायात एप्रनचा बंद अडकतोय, पुढचे सगळे फलाट ओलांडून फाटकापर्यंत. रस्त्यावर माणसं होती, पिशव्या होत्या, एक सायकल दुरुस्तीवाला होता. त्याने कुणाला पाहिलं नव्हतं. ताई त्या फाटकात इतका वेळ उभी राहिली की मधवाला तिला हाताला धरून घेऊन आला.

"काय झालं तरी काय?" साहेब घाबरून गेले होते. "माझं काही चुकलं का?"

ताई एरवी चांगली फटकळ. पण आता तिला त्याला बोल लावता येईना. चूक त्याची होती असं म्हणावं, तर त्याला कुणी काय सांगितलं होतं? नऊ वर्षं तो वाटा कुणाचा हे तिने जिभेवर येऊ दिलं नव्हतं. जे तिने कुणाला सांगितलंच नाही, ते या बापड्याला कसं कळावं? माझ्या बहिणीचा आहे, एवढं जर सकाळी म्हणून ठेवलं असतं. दोन शब्दांची कंजुषी केली आणि बहीण दारातून परत गेली. ती तिथेच उपड्या खोक्यावर बसली आणि सगळ्यांसमोर रडली. भांडली सगळ्यांसमोर, आता रडलीही.

घरी आल्यावर तिने हातही धुतले नाहीत. नंबर दाबला आणि शेवटचा आकडाही दाबला.

"कोण?" पलीकडून आवाज आला. तो जरा जाड झाला होता.

"तो वाटा तुझाच होता," ताई म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

पलीकडे खुर्ची ओढली गेली. मग, "तो माणूस म्हणाला, कुणाचाच नाही."

"त्याला काय कळतंय! मशरूमवाला आहे तो. कालचा आलाय."

"आधी चढावर गेले होते मी. तिथे कुणीच नाही. मला वाटलं, संपलं सगळं. मग भिंतीवरचं वाचलं. एवढं लांब आले, आणि..." चिमणी थांबली. "त्याला माहीत नव्हतं म्हणून तो बोलला. तू बोललीस तेव्हा तुला माहीत होतं ना ग?"

ताईने डोळे मिटले. हा प्रश्न तिने स्वतःला हजारदा विचारला होता आणि हजारदा काहीतरी कामाला लागली होती. आता हातात काम नव्हतं.

"होतं," ती म्हणाली. "चुकले मी."

चिमणी रडते आहे की काय, ते कळेना. पलीकडच्या स्वयंपाकघरात कुणीतरी नळ सोडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचाही आला.

"येशील शनिवारी?" ताईने विचारलं.

"बघते," चिमणी म्हणाली, आणि फोन ठेवला.

तीस वर्षं टेबलामागे उभं राहिलेल्या बाईला 'बघते' चा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. भाजी हातात घेऊन, उलटसुलट करून, परत ठेवून 'बघते' म्हणणारं गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. आणि चिमणीने तिला ताई म्हटलं नव्हतं. आठवडाभर ताई हेच दोन घास चावत राहिली. एकदा वाटे, बोलली तरी. एकदा वाटे, शेवटचं बोलली.

शनिवारी ती डेपोत आली ती साहेबांच्या आधी. वाटाणा आणला होता. पहिला वाटा तिने डाव्या कोपऱ्यात ठेवला, फडकं काढलं, हातात घेऊन थोडा वेळ उभी राहिली, आणि ते घडी करून खोक्यात टाकलं. वाटा उघडाच राहिला. साहेब आले तशी ती म्हणाली, "साहेब, हा वाटा माझ्या धाकट्या बहिणीचा आहे. मी तिला नको ते बोलले होते. नऊ वर्षं झाली."

साहेबांनी कधी नव्हे ते काही माहिती दिली नाही. नुसती मान हलवली.

तिने ते पलीकडच्या अंडीवालीला सांगितलं, कलिंगडवाल्याला सांगितलं. पत्र्याखाली आवाज घुमतो, तेव्हा बाकीच्यांना वेगळं सांगायची गरज पडली नाही. मधवाला एक नंबरहून चालत आला, मधाची एक छोटी बाटली वाटाण्याशेजारी ठेवून परत गेला.

दहा वाजले. अकरा वाजले. बारा वाजता एका बाईने तो उघडा ढीग पाहिला आणि हात पुढे केला. "हा शेवटचा का? देऊन टाका."

ताई काही बोलायच्या आत साहेब मशरूम सोडून मधे आले.

"तो नाही देता येणार," ते म्हणाले. "तो ताईंच्या बहिणीचा आहे. येतायत त्या."

येतायत की नाही, हे त्यांना मागच्या खेपेइतकंच ठाऊक होतं. ताईने त्यांना खोडलं नाही. ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली, कारण तिथून फाटक दिसत होतं.